अवैध अक्षर

कूम हेस्गेन, वस्ती दोनशे अकरा.
मेंढ्या किती, ते इडवल प्यूला विचारा.

मंगळवारी आणि गुरुवारी मी कौन्सिलची गाडी घेऊन येते.
चॅपलच्या मागच्या खोलीत आठ कॉम्प्युटर,
एक प्रिंटर, जो फक्त दमट हवेत रुसतो,
म्हणजे रोज.
दारावर पाटी: समाज इंटरनेट केंद्र,
आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत.
तिसरी भाषा माझ्या डब्यात असते,
झाकण उघडलं की सगळ्यांना कळते.

उद्घाटनाला कार्डिफहून उपमंत्री आले होते.
फीत कापली आणि लाइन गेली.
टाळ्या मात्र वेळेवर झाल्या.
फोटोत पडद्यांवर जे निळं दिसतं
ते खिडकीतलं आभाळ आहे.

अनुदान केबलला होतं, छपराला नव्हतं;
छप्पर दुसऱ्या खात्याकडे.
म्हणून सहा नंबरच्या टेबलाशेजारी बादली,
आणि कुणी फॉर्म भरत असलं
की रकान्यारकान्यामध्ये
टप्.

मेंढ्यांची ने-आण आता ऑनलाइनच कळवायची,
म्हणून इडवल आला. वय एकोणऐंशी.
अडलेल्या मेंढीपाशी वाकावं
तसा कीबोर्डवर वाकला, बाह्या वर सारून.
पासवर्ड निवडा, मी म्हटलं.
त्याने इकडेतिकडे बघत कुत्र्याचं नाव टाइप केलं.
कमजोर आहे, यंत्राने कळवलं.
"मॉट? कमजोर?" तो खुर्चीतून उठलाच.
"बर्फात तीन दिवस एकट्याने कळप राखलाय त्याने."
अंक घाला, म्हटलं. त्याने मॉट गेला ते साल घातलं.
एकेक अक्षर काळा ठिपका होऊन बसलं,
उतारावरच्या लेंड्यांसारखं.

मग पत्ता. तो म्हणाला, "टी."
मी किटली लावली.
तो हसला नाही.
टी म्हणजे घर, म्हणाला, आमच्यात.
आणि त्यातल्या वायवर एक छोटं छप्पर असतं.
पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं,
दोन तिरक्या रेघा, पोरं काढतात तसं.
शोधून शोधून, तीन बटणं एकदम दाबून
आम्ही ते बसवलं.
फॉर्म लाल झाला: अवैध अक्षर.
पुन्हा बसवलं. पुन्हा लाल.
"छप्पर राहू दे," मी म्हटलं, "नुसता वाय चालतो त्यांना."
इडवलने बादलीकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.

माझ्या लिपीत तर अख्ख्या शब्दावर छप्पर.
चिपळूणच्या शाळेत बाई बजावायच्या,
रेघ आधी ओढायची नाही.
आधी अक्षरं आत घ्या, मग वरून शाकारा.
त्याच पाकिटावर मी लिहिलं: घर.
तो रेघेवरून बोट फिरवत गेला, कौल तपासावेत तसा.
"हे गळत नाही वाटतं."
गळतं ना, म्हटलं. भ आणि ध पाशी रेघ तुटते.
भाषा लिहायला घेतली
की पहिल्याच अक्षराला.
तेव्हा कुठे तो हसला.

मी खात्याला पत्र लिहिलं, वायच्या छपराबद्दल.
उत्तर आलं: आपली विनंती नोंदवली आहे.
खाली चौदा आकडी क्रमांक.
त्यानंतर आलं दुसरं पत्र, तिमाहीत किती माणसं आली म्हणून.
इडवल एक्केचाळीस वेळा आला.
रकान्यात तो एक.
मेन्ना केक घेऊन येते, मशीनला हात लावत नाही,
ती शून्य.
एकतीस मार्चला ठरवणार आहेत.

तोवर तो पावती छापून घेतो,
प्रिंटरची मनधरणी करून,
आणि बॉलपेनने पत्त्यातल्या वायवर
दोन तिरक्या रेघा ओढतो.
सरकारला दिसत नाहीत. फाइलला लावतो.

आज गुरुवार.
दार उघडायला गेले तर इडवल पायरीशी उभा,
खांद्यावर शिडी, गोणपाटात गुंडाळलेल्या चार स्लेटा.
"मशीन लावू नकोस अजून," म्हणाला.
"बादली तेवढी बाजूला घे."