नवव्या नावापासून काळी शाई

रजिस्टरातली पहिली आठ नावं निळी आहेत,
नवव्यापासून काळी.
एवढंच.
पण त्या पानाचा फोटो कुणी काढला कोण जाणे,
चार दिवसांत साऱ्या लष्करभर फिरला,
दौलतगंजातून हजिऱ्याला, हजिऱ्याहून मुरारला,
आणि परत माझ्याच धाकट्या दिराच्या मोबाईलवर
लाल गोलासकट.

"वहिनी, पेन का बदललं ते सांगा."

जानेवारीतली रात्र. मेळ्यातला आकाशपाळणा
नऊ वाजून दहा मिनिटांनी एका अंगाला कलला
आणि दहाच्या सुमारास पहिलं स्ट्रेचर
शवागाराच्या खिडकीशी, माझ्यापुढे थांबलं.
नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, अंगावर काय काय.
हिरवा स्वेटर. एकाच पायात मोजा.
खिशात गजकची पुडी, न फोडलेली.
नवव्या वेळी निळं पेन अडलं.
झटकलं, तळहातावर घासलं, तोंडाची वाफ दिली,
मग वॉर्डबॉय परमालकडून त्याचं काळं मागून घेतलं.
नववी एक मुलगी होती. तिची आई समोर उभी होती
आणि मी पेन झटकत होते.
हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

शहराला मात्र सगळं माहीत आहे.
चौदा नव्हेत, एक्केचाळीस.
उरलेले रात्रीच ट्रकात घालून चंबळच्या दऱ्यांत नेले.
पंधरा झाले असते तर चौकशी बसली असती,
म्हणून बाईनं चौदावर हात आखडला.
आधी दिवे गेले की आधी पाळणा,
यावरून बाड्यावर चहाचे तीन ग्लास फुटले म्हणे.
आणि तो लाल मफलरवाला, प्रत्येक व्हिडिओत दिसणारा,
तो वाकून काय करत होता पाळण्याखाली?

परमाल तो.
सुट्टी होती त्याची. बायकोची चप्पल शोधत होता.
मग पहिल्या स्ट्रेचरला हात लावून
तसाच ड्युटीवर आला.

इंजिनिअरनं टेबलावर ठेवलेली पिन मी पाहिली आहे.
अंगठ्याएवढी. गंजलेली.
दोन हंगाम कुणी ग्रीस लावलं नव्हतं.
दिराला सांगितलं तर हसला, "एवढ्याशा पिनेनं?"
त्याचा शाळेपासूनचा दोस्त भालचंद्र
अकराव्या ओळीत आहे, काळ्या शाईत.
पिनेच्या अंगावर धावून तरी कसं जायचं माणसानं?
मी पुढे काही बोलले नाही.

काल दुपारी एक बाई आली,
बिर्लानगरच्या बंद गिरणीमागून, रामकली कुशवाह.
हातात पोराचा फोटो, कोपऱ्यावर अर्धा शिक्का.
अडीच वर्षांपूर्वी सुरतेला गेला,
पहिल्या दिवाळीनंतर फोन नाही.
"लोक म्हणतात सत्तावीस लपवलेत," ती म्हणाली,
"त्यात माझा असेल. बघा ना, दीदी.
मी भांडणार नाही कुणाशी."

मी म्हटलं, सत्तावीस नाहीत हो.

"एक तरी?"

चौदाव्याच्या खाली पंधरावी ओळ कोरी आहे.
मी रजिस्टर मिटलं.
जुन्या पावतीची पाठ पुढे ओढली आणि विचारलं,
नाव. वय. उंची. निघताना अंगावर काय होतं.
तिनं सगळं सांगितलं, शर्टाच्या बटणांसकट:
एक पांढरं, तिनं लावलेलं, बाकीची तपकिरी.
मी लिहीत गेले.
तिला वाचता येत नव्हतं, तरी चिठ्ठी मागून घेतली,
दोनदा वरून खाली बोट फिरवलं,
चार घड्या घातल्या
आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्यासारखी उठली.

आज सकाळी दिरानं मोबाईल पुढे धरला.
पावतीची पाठ. माझं अक्षर. लाल गोल.
एक्केचाळीसचे बेचाळीस झाले होते.

शाई निळी होती.