दरीला द्यायची यादी

एक जानेवारीपासून रूफनेग नावाची ग्रामपंचायत नाही.
मतं पडली एकोणीस विरुद्ध अकरा,
आणि आम्ही खालच्या दरीच्या पंचायतीत विरघळलो.
मी कारकून. मला सांगण्यात आलं :
आंब्रोस, कपाटं रिकामी कर, मार्चअखेर यादी दे.

तर यादी.

लार्चच्या काठ्या, एका दोरीत ओवलेल्या. त्रेचाळीस.
घरटी एक, तिच्यावर त्या घराची खूण
आणि खाचा : जितक्या खाचा तितके तास पाणी.
कड्याला टांगलेल्या लाकडी पाटातून
तुमची पाळी रात्री दोनला आली, तर दोनला उठायचं.
तंटा झाला की काठी पुढे करायची. ती खोटं बोलत नसे.
आता मीटर आहे. तो काहीच बोलत नाही.

सामाईक भट्टीची किल्ली. एक.
वर्षातून दोनदा पेटायची,
माळ्यावरचा पाव सहा महिन्यांनी असा व्हायचा
की म्हाताऱ्यांच्या आधी दूध त्याला पाजावं लागे.

शाळेची घंटा, एक. मुलं, शून्य.
(हा रकाना त्यांनीच छापून पाठवलाय.)

हातातून निसटलेला कोबी गडगडत गेला
तर तो खालच्या गावाचा :
हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून नोंदवला नाही.

पाठीवरच्या टोपल्या. सात.
या कशाला, दरीतल्या बाईंनी फोनवर विचारलं.
बाई, इथली माती वर्षभर खाली सरकते,
बर्फाखालून, बटाट्यांच्या बोटांमधून, चोरपावलांनी.
मार्चमध्ये आम्ही शेताच्या पायथ्याशी जमायचो,
टोपली भरायची, चढायचं, वर नेऊन ओतायची,
परत खाली.
सेराफिन पोटात असताना माझी आई सातव्या महिन्यापर्यंत चढली.
म्हणायची, झोपेत घसरलेलं पोर आपण
पुन्हा उशीवर ठेवतोच ना.
बाई म्हणाल्या, म्हणजे शेतीची अवजारं. लिहा.

मग फिलोमेना झेनक्लूसेनने तळघरात बोलावलं.
चीजचं एक चाक, काळं, जात्याच्या पाळीएवढं.
लग्नात मुरायला ठेवायचं, मयताला कापायचं,
खांदेकऱ्यांना वाइनबरोबर द्यायचं, अशी रीत.
हे तिच्या चुलत आजोबांचं, थेओडूलचं.
तो अठराशे अठ्ठ्याऐंशीत बायकोला पुरून अर्जेंटिनाला गेला.
तीन पत्रं आली. तिसऱ्यात घोड्याचं नाव होतं,
नव्या बायकोचं नव्हतं.
तेव्हापासून आजी, मग आई, मग ही,
मिठाच्या पाण्याचं फडकं, दर शनिवारी.

मेला असेलच की आता, मी म्हणालो.
कळवलंय कुणी? ती म्हणाली,
आणि फडकं पिळलं.

छापील तक्त्यात चार रकाने :
वस्तू, संख्या, किंमत, मालक.
संख्या एक. किंमत रिकामी सोडली.
मालक, थेओडूल झेनक्लूसेन.
पेन थोडा वेळ तसंच धरून बसलो,
मग पुढे लिहिलं, परगावी.

बाहेर बर्फ उतारावरून मागे सरलेलं.
बटाट्याच्या शेताची खालची भिंत
मातीने पोट काढून पुढे आलेली.
माझे गुडघे सदुसष्टचे. डॉक्टरांना विचारलेलं नाही.

दुरुस्ती : टोपल्या सहा.
वरचा सातचा आकडा खोडला आहे.