साडेचार

औलूमध्ये फेब्रुवारीच्या सुरुवातीला, पाच वाजता,
प्रयोगशाळेच्या खिडक्यांत आपलेच चेहरे तेवढे उरतात.
हेल्का पडद्यावर एक प्रथिन फिरवते आहे.
दोनशे शहाण्णव मण्यांची माळ;
माळ कसली, खिशातून निघालेली सुतळी,
कुठून कुठे गेली, कुठल्या गाठीखालून वर आली,
कुणी सांगावं.

तिला सांगायचंय. पगार त्याचाच आहे.
कोण कुणाला टेकलंय, याची यादी.

नियम साधा. दोन अवशेषांतले
एकमेकांना सगळ्यात जवळचे अणू धरायचे.
साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत असले तर संपर्क,
नसले तर नाही.
माळेत शेजारी बसलेले मोजायचे नाहीत:
एका दोरीत ओवले गेलेत म्हणून लागून आहेत,
त्यात त्यांचं काय कर्तृत्व?

अवशेष.
तिच्या भाषेत हाच शब्द ताटात उरलेल्या अन्नालाही आहे.
पहिल्या वर्षी ती त्यावर हसली होती.
मग कळलं, प्रत्येक जोडणीमागे
पाण्याचा एक रेणू सुटून जातो.
जोडलं गेलेलं कुणीच
आलं तेव्हा होतं तेवढं राहत नाही.

काल तिला एकेचाळीस आणि दोनशे तीन सापडले.
माळेत एकशे बासष्ट घरं लांब,
इथे मात्र दोन पूर्णांक आठ. आम्ल आणि आम्लारी,
एकमेकांकडे हात केलेले.
तिने कॉफी ओतून घेतली, दोन कप,
आणि यार्मोला हाक मारली.

यार्मोने खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, हा दोनशे तीन आपला नाही.
शेजारच्या रेणूचा आहे.
स्फटिकात दाटीवाटीने बसवलेत, म्हणून खेटलेत.
पाण्यात सोड, ओळखही देणार नाहीत.

कॉफी त्याने दोन्ही कपांतली प्यायली.
तिने ती ओळ खोडली.

एकशे बारा ते एकशे अठरा तर दिसतच नाहीत.
तिथे काही नाही असं नाही,
ते हलत राहिले, म्हणून चित्रात आले नाहीत.
यादीत त्यांच्यापुढे रेघ.

सव्वासातला फोन वाजतो. ऑस्मो, हाइलुओतोहून.
भाऊ समुद्राच्या बर्फाला भोकं पाडतो,
खोली मोजतो, वहीत लिहितो.
चाळीस सेंटिमीटर भरलं की बर्फावरचा रस्ता उघडतो,
बेट आणि किनारा एकमेकांना लागतात.
तोवर फेरीबोट, तिचं वेळापत्रक, आणि वारा.

आईची नाव कुणी कुणाला न विचारता विकली
त्याला आता सहा वर्षं झाली.
तेव्हापासून तो एवढंच बोलतो:
"सदतीस."
ती म्हणते, "काल किती होतं?"
"सदतीस."
मग दोघंही थोडा वेळ फोन ठेवत नाहीत.
पलीकडे कुणीतरी चुलीत लाकूड सारतं,
किंवा तो वाराच असेल.

रस्ता उघडला तरी पाटी असतेच:
दोन गाड्यांत पन्नास मीटर अंतर ठेवा,
पट्टा बांधू नका.
बर्फाला सगळ्यांचं वजन एकदम नको असतं.

ती परत पडद्यासमोर बसते.
अठ्ठ्याऐंशी आणि दोनशे चाळीस.
चार पूर्णांक सहा.
यंत्राने विचार केला नाही, शून्य टाकलं.

उंबरठा पाचवर नेला तर हे आत येतील,
यांच्यामागून आणखी साठ-सत्तर जोड्या येतील,
त्यातल्या निम्म्यांचा एकमेकांशी काही संबंध नसेल.
साडेचारच बरे. प्रबंधात साडेचारच लिहिलंय.

शून्य ती तसंच ठेवते.
छापलेल्या कागदाच्या कडेला मात्र पेन्सिलने
दोन आकडे लिहिते, मध्ये रेघ न ओढता,
आणि त्याखाली, का कुणास ठाऊक,
सदतीस.