जिना

फॉर्मवर दोन रकाने होते.
दुसऱ्यात बँकेच्या बाईने स्वतःच रेघ मारली,
हलक्या हाताने, मला लागू नये अशी.
"मिस मॅकफेल, एकट्या पगारावर... बघू या."

पाणी तपासायच्या लॅबमधली माझी दोन वर्षं,
डब्यातलं मसुराचं सूप,
आजोबांचा अकॉर्डियन विकला, त्याचे पैसे
वकिलाच्या एका पत्रात संपले.

ग्लासगोत घर मागायचं तर बंद पाकिटात आकडा घालायचा.
दुपारी बाराला पाकिटं फुटायची,
आणि दर वेळी कुणीतरी दोघं
माझ्या एकटीपेक्षा चार हजारांनी जड भरायची.
सहा घरं गेली.

सातवं तिसऱ्या मजल्यावर, एकच खोली,
खिडकीची चौकट कुजलेली,
म्हणून मिळालं.
विकणाऱ्याने बल्बसुद्धा काढून नेले होते.
फोनच्या उजेडात अंथरूण पाहून पाय पसरले,
ते भिंतीला टेकले.
भिंत माझी.
म्हणजे, पस्तीस वर्षांनी होईल.

रविवारी दाराच्या मुठीला
सुतळीने अडकवलेला, कडा झिजलेला पुठ्ठा:
'या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.'

माझ्याकडे बादली नव्हती.
समोरचं दार वाजवलं.