कुणाला काय मिळालं

मकरपुऱ्याच्या कारखान्यातून अडीचशे बाटल्या आल्या,
सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांना तेच झाकण,
फरक फक्त आकड्याचा.
निम्म्यांत सांधेदुखीवरची जुनी गोळी,
निम्म्यांत तिच्याच रंगाची, तिच्याच वजनाची
काहीच नसलेली.
कुठल्या आकड्यात काय, ते एका लिफाफ्यात.
लिफाफा तिजोरीत.
माझ्याकडे किल्ली होती ती फक्त कपाटाची.

नवा ताप येऊन तेव्हा तीन महिने झाले होते.
वॉर्डबॉय त्याला 'पेलो ताव' म्हणायचे, 'तो' ताप,
नवऱ्याचं नाव टाळणाऱ्या बायकांसारखे.
नवं औषध बनवायचं तर दहा वर्षं.
म्हणून आम्ही जुनी फडताळं उपसली,
अवेळी पाहुणे आले की
डब्यांच्या तळाशी काय उरलंय ते बघतो तशी.
जंतांवरचं एक निघालं, हिवतापावरचं एक,
आणि ही.
काचेच्या बशीत हिने विषाणू मारला होता.
काचेच्या बशीत, टिपणीस डॉक्टर म्हणाले,
फिनेलही मारतं.

बाटली एकशे सत्तेचाळीस: ठाकोरभाई कहार,
सूरसागरच्या काठी शेंगदाण्यांची लारी.
संमतीपत्राची सात पानं त्यांनी मुलाकडून दोनदा वाचून घेतली,
मग अंगठा नको म्हणाले, सही केली, सावकाश.
रोज सकाळी मास्कमधून तोच प्रश्न:
बेन, मने साची मळी के खोटी?
मला ठाऊक नाही, मी म्हणायचे.
त्यांना वाटायचं, लपवतेय.
ठाऊक नसणं हेच माझं काम, हे
जन्मभर गुजरातीत भांडूनही
मला गुजरातीत सांगता येईना.
मराठीत तरी कुठे आलं असतं.

मग टीव्हीवर कुणीतरी म्हणालं, गुण येतो.
संध्याकाळपर्यंत मांडवीपासून अलकापुरीपर्यंत
एकाही दुकानात एकही स्ट्रिप नाही.
दांडिया बाजारातून शकूताई सबनिसांचा फोन,
एकोणीस वर्षं याच गोळीवर पेटी शिकवणाऱ्या:
"तुझ्याकडे अडीचशे बाटल्या आहेत ना गं?
त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या?"
आणि हसल्या.
रात्री मी कपाट उघडलं.
एक बाटली उचलली. ठेवली. दुसरी उचलली.
कुठली खरी, मला कळणारच नव्हतं.
तेवढ्यामुळे वाचले मी,
चांगुलपणाने नव्हे.

नोव्हेंबरात लिफाफा फुटला.
या बाजूचे गेले अकरा.
त्या बाजूचे गेले दहा.
झरीनने पडद्यावर दोन रेषा दाखवल्या,
इतक्या जवळ की मागच्या रांगेला एकच दिसली.
फरक नाही, ती म्हणाली. पुन्हा म्हणाली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
चहा आला, तो सगळ्यांनी गार होऊ दिला.

ठाकोरभाई तपासणीला आले, पुडीत खारे शेंगदाणे घेऊन.
खोटी होती, मी सांगितलं.
"एटले हुं जाते ज साजो थयो?"
म्हणजे मी आपला आपणच बरा झालो?
लहान मुलासारखे हसले, आजूबाजूच्यांना सांगत सुटले.
मग थांबले.
ने बाजूवाळो? नऊ नंबरचा, तो शिंपी,
रात्री मला पाणी द्यायचा?
त्याची खरी होती.
त्यांनी पुडी टेबलावर ठेवली
आणि बराच वेळ तिची घडी
दाबत राहिले.

गोळ्या दुकानांत परत आल्या, भावही उतरला.
शकूताईंची अनामिका मात्र सरळ झाली नाही.
आता त्या एका सुराला वळसा घालून वाजवतात,
मुलांना सांगतात, ही चाल अशीच आहे.

आज सकाळी मकरपुऱ्याहून दुसरा खोका आलाय,
जंतांवरच्या औषधाचा.
मी कपाट पुसून घेतलंय.
बाटली क्रमांक एक.