दोन बोटं माया

चोपड्याच्या स्टँडामागं, झेरॉक्सच्या भिंतीला टेकून
माझं मशीन. पाटी : अल्टर करून मिळेल.
बारा वर्षं मी फक्त आत घेतलं.
पोरं म्हणायची, काका, अजून आत,
पोटरीला चिकटली पाहिजे.
शेवटी शेवटी टाच अडायची,
पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवून पँट घालायची.
मी कापत गेलो. कातरणाची पोती
गादीवाला शनिवारी न्यायचा.

मग एका दिवाळीला काय झालं कुणास ठाऊक,
सगळ्या चोपड्याच्या पँटीत वारं शिरलं.
आता त्याच पोरांचे धाकटे भाऊ
थोरल्यांच्या पँटी घेऊन येतात :
काका, बॅगी करा.
मी पँट उलटी करतो, शिवण दाखवतो.
बघ, इथं काही नाही.
ओव्हरलॉकनं कड कुरतडून ठेवलीय,
दोराभरसुद्धा माया नाही.

माया म्हणजे? विचारतो रूपेश बारी.
कानात बाळी, शर्टाचा खांदा कोपराकडे उतरलेला,
छातीवर जपानी अक्षरं,
अर्थ त्यालाही माहीत नाही, मलाही.
मी सांगतो : शिवणीच्या आत
दोन बोटं कापड दाबून ठेवायचं. दिसत नाही.
पुढं माणूस सुटला, तर उपयोगी पडतं.
तो म्हणतो, भारी.
आणि मोबाइल बघतो.

मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
आणि मेडिकलच्या सावलीला हुडी घालून उभी ही पोरं,
टोपी कपाळावर ओढून.
उकडत नाही का रे?
पोरं नुसती हसतात. उत्तर दिव्यानी कोळी देते.
"उकडतं ना काका. पण आत कुणी बघत नाही."
भावाचा टी-शर्ट तिच्या गुडघ्यापर्यंत.
गळ्यातली टेप मी उगाच सरळ केली.
पूर्वी मुलींची मापं घेताना भिंतीकडे बघायचो.
हिचं माप घ्यावंच लागत नाही.

दिलवर बारेला पहाटे चारला केळीच्या गाड्या भरतो
आणि दहाच्या लेक्चरला तसाच येतो.
त्याचा टी-शर्ट पांढरा होता कधीतरी.
घडाचा चीक खांद्यावरून पाठीत उतरतो,
ओला असताना पाण्यासारखा,
वाळला की काताच्या रंगाचा,
मग रॉकेल लावा, लिंबू लावा, जन्मात जात नाही.
परवा जळगावचा एक पोरगा, बुटांना हिरवे बंद,
त्याच्याभोवती फिरून फिरून बघत होता.
"भाई, वॉश कुठला? कितीला घेतला?"
मला वाटलं, दिलवर लाजेल.
तो म्हणाला, "लिमिटेड आहे.
पहाटे गाडी भरायला ये, मिळेल."
पोरग्यानं खरंच नंबर मागून घेतला.

काल रूपेशनं पेटीतून बापाची पँट आणली.
चार चुन्या, वीसची मोहरी, चॉकलेटी टेरिकॉट.
डांबरगोळ्यांचा वास.
टाका ओळखला. माझाच.
शहाण्णव साल, निंबा बारीचा साखरपुडा,
घाई इतकी की काज हातानं केलं होतं.
मागच्या शिवणीत बोट घातलं.
होती तिथंच, दोन बोटं,
बाहेरचा रंग विटलेला,
आतला अजून दुकानातून आणल्यासारखा.
"सोडू का?"
"नको काका, कमरेत घ्या. बाकी अशीच राहू दे,
अशी आता दोन हजारांत मिळत नाही."

तेवढ्यात निंबाच सायकलवरून उतरला,
पोट आधी, मग तो.
"ती मनी पँट शे ना रे?"
"व्हती," मी म्हटलं.
तो पोराकडे बघत राहिला, मग पँटीकडे,
मग मला म्हणाला, "त्या टायमाले
शिलाईना पैसा दिधा व्हता का मी?"
नव्हता दिला. मी बोललो नाही.

आत घेतली. तीस रुपये घेतले.
कातर काही लावली नाही.