दम

तार्तू शहराबाहेर, बंद पडलेल्या यीस्टच्या कारखान्यामागे
ऊर्वेची शेड.
मार्च अर्धा सरला तरी नळाला अजून गोणपाट गुंडाळलेलं.

सकाळी विद्यापीठाच्या गाडीतून सात टाक्या उतरल्या,
स्टीलच्या, एकोणीस लिटरच्या,
पोचे पडलेल्या,
एकीचं झाकण तर चक्क सुतळीने बांधलेलं.
सोबत चिठ्ठी: आत काय होतं ते कुणाला आठवत नाही.

ऊर्वे आधी वास घेते.
दोन्हींत स्पिरिट. हिच्यात काही नाही, नुसतं थंड.
तिसरीत कुणीतरी बिअर बनवली होती,
हे ती वहीत लिहीत नाही.

मग चिवट झालेल्या रबरी चकत्या खरवडणं,
झडपा सोडवणं, आम्लाने आतून विसळणं.
कल्हई नव्हे ही,
पण कल्हईच्या वेळी येतो तसा एक क्षण येतो:
पोटातला काळोख एकदम पांढरा होतो
आणि बघणाऱ्याचं तोंड त्यात वाकडं दिसतं.

चाचणी पाण्याने करायची, हवेने नाही.
नव्या पोराला, राइगोला, ती सांगते:
हवा दाबली की डूख धरते,
फुटली तर छप्पर घेऊन जाते.
पाणी फुटलं तर नुसतं रडतं.

काटा चढतो, रोजच्या दाबाच्या दीडपट.
आता अर्धा तास काही करायचं नाही.
दम धरायचा.
टाकीने, आणि आपणही.

राइगोला गप्प बसवत नाही.
तो टाकीच्या खांद्यावरचे ठसे वाचतो:
तारखा, तपासणाऱ्यांची अक्षरं,
सगळ्यांत जुनी बोटांनीच कळणारी.
एक यू उलटा पडलेला, कमानीसारखा.
‘हे कुणाचं?’
‘हातमोजे न काढता ठोकलं असेल कुणीतरी,’
ऊर्वे थर्मासमधली कॉफी ओतत म्हणते.
कारखाना बंद झाला त्या हिवाळ्यात
इथला तिचा पहिला आठवडा होता.

काटा हललेला नाही.

पाचवीला मात्र सांध्याशी थेंब आला,
पुसला, पुन्हा आला.
तिच्यावर खडूने फुली, आणि ती भिंतीकडे.
तिला कुणी काही बोललं नाही.

उलट्या यूच्या टाकीपाशी येऊन
ऊर्वे हातोडा राइगोकडे देते.
तो हातमोजे काढतो, बोटांवर फुंकर मारतो,
तरी त्याचा आर तिरका पडतो.

तो तिच्याकडे बघतो.
ती तारीख बघते, वही मिटते.
स्टीलला खोडरबर नसतं.
‘पुढचीत पाणी सोड,’ ती म्हणते, ‘हळू.’